लागलं तर मागून घे

सापवाल्या काकूंच्या घरी जेवताना आग्रह होत नसे. मूळची नागपूरची बाई आणि पानावर आग्रह नाही, हे अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकणाऱ्या आम्हा मराठी विद्यार्थ्यांना पटायचंच नाही. त्या एकदा वाढायच्या, भांडी मधे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "लागलं तर मागून घे." 'नको, नको' म्हणत तीनदा वाढून घेण्यात वाढलेला मी कुठला मागतोय! मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. पहिल्या रविवारी अर्धपोटी उठलो, खाली येऊन गुपचूप नूडल्स केल्या आणि बाई चिक्कू आहे असं ठरवून टाकलं.

त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या मोठ्या पेटीत सखू राहायची. सखू म्हणजे बोआ जातीची, बिनविषारी अजगरासारखी सापीण. काकू स्वतः अंडंही खात नसत, पण गॅरेजमध्ये सखूच्या गोठवलेल्या उंदरांसाठी वेगळा फ्रीझर होता. कोमट पाण्यात ऊब दिलेला उंदीर लांब चिमट्यात धरून, मनात देवाचं नाव घेत त्या तिच्यापुढे करत. सखूच्या अंगापेक्षा जाड उंदीर कधी नाही, आणि एकदा दिला की पुढचे दोन आठवडे काही नाही. सखू काचेला तोंड लावून बसली की माझाच जीव कळवळायचा. बिचारी उपाशी दिसते, अजून एक द्या ना, असं मी एकदा म्हटलंच.

"ती उपाशी नाही, ती साप आहे," काकू म्हणाल्या.

सखूच्या आधी त्यांच्याकडे राजा नावाचा बोआ होता. मुलाने, रोहनने, शाळेत असताना हट्टाने आणलेला. रोहन कॅलिफोर्नियाला कॉलेजात गेला, काका आधीच गेलेले. घरात वाढायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो सगळा आग्रह राजाच्या वाट्याला आला. त्याने डोकं बाहेर काढलं की उंदीर तयार. राजा भराभर वाढला, चांगला गुटगुटीत झाला, आणि आल्यागेल्याला तो दाखवताना काकूंचा ऊर भरून यायचा. इतकं देऊ नकोस, असं रोहन फोनवर सांगत राहिला. खाऊ घालण्यातलं पोरांना काय कळतं, असं काकूंना वाटे. राजा ऐन तरुणपणी मेला. आत सगळीकडे चरबी साठून यकृत निकामी झालं होतं, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. रोहन एवढंच म्हणाला, "आई, यू डिडन्ट लिसन." मग त्याचे फोन कमी होत गेले.

हे त्यांनी मला मटार सोलताना, मान वर न करता सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "भूक त्याची नव्हती रे, माझी होती."

कुणाला तरी नकोशी झालेली सखू त्यांनी त्यानंतर घरी आणली. बोटाएवढी जाड होती म्हणे. दर महिन्याला त्या तिचं वजन करत. थोडं वाढलं की समाधान, फार वाढलं की पुढचं जेवण लांबणीवर. पार्सिपनीहून येणाऱ्या त्यांच्या मैत्रिणी, किती हडकुळी गं, म्हणून हळहळायच्या. काकू म्हणत, "सावकाश वाढू दे, म्हणजे खूप वर्षं राहील." सखूचे फोटो त्या रोहनला पाठवत. उलट फक्त एक अंगठा यायचा.

गेल्या वर्षी काकूंना कॅन्सर निघाला आणि रोहन आला. आल्या दिवशी संध्याकाळी त्याने सखूला हातावर घेतलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत तिच्या अंगावरून हळूहळू हात फिरवला.

"शी इज परफेक्ट, आई."

काकू भिंतीकडे तोंड करून रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

पुढे त्यांचं अन्न तुटत गेलं. रोहन मऊ भात करून आणायचा. त्या नको म्हणाल्या की चमचा खाली ठेवायचा आणि नुसता त्यांचा हात धरून बसायचा. मला ते जमलं नसतं. मी दोन घास तरी, म्हणत मागे लागलो असतो.

काकूंच्या तेराव्याला रोहनने सगळ्यांना एकदा वाढलं, भांडी मधे ठेवली आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "लागलं तर मागून घ्या." मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. सखूची पेटी दाराजवळ होती, तो तिला सोबत नेणार होता. मला अजिबात भूक नव्हती. तरी मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, "रोहन, मला थोडा भात वाढ." त्या घरात मी पहिल्यांदाच मागून घेत होतो.