पाचवा ‘का’

चाकणला रविवार गुरुवारी येतो. विजेची वाटणी करताना कधीतरी इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी ठरली, ती ठरलीच. नव्या माणसाला याची सवय व्हायला दोन महिने लागतात. त्याच्या घरच्यांना मात्र कधीच होत नाही. वर्षालीची आई हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावहून गेली चार वर्षं रविवारी सकाळी अकरालाच फोन करत होती. फोन लॉकरमध्ये वाजून वाजून गप्प व्हायचा. संध्याकाळी वर्षालीनं उलट फोन केला की आई म्हणायची, “आईतवारी बी काम असतंय का बाई कुठं? सगळ्या दुनियेला सुट्टी असती.”

वर्षाली मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इकडे आली आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागली. लोखंडी ब्रॅकेट उचलायचा, गेजमध्ये बसवून बघायचा. बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल. सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दिवसाला नऊशे ब्रॅकेट. या कामात बोलावं लागत नाही. सुरुवातीला तिला तेच बरं वाटलं होतं.

मेदनकरवाडीत तिची खोली होती, आणि खोलीत मोनिका. मोनिका दुसऱ्या कंपनीत, कायम दुसऱ्या शिफ्टला. वर्षाली निघायची तेव्हा मोनिकाच्या डोक्यावर पांघरूण असायचं, ती परतायची तेव्हा मोनिका गेलेली असायची. एकमेकींशी त्या दारामागच्या पाटीवरून बोलायच्या. ‘दूध नासलं.’ ‘मालक येऊन गेले.’ ‘पाण्याची मोटर चारला.’ दोघींची सुट्टी एकच, पण गुरुवारी मोनिका देहूला मावशीकडे जायची. पहिल्या वर्षी तिनं दोनदा विचारलं होतं, “चल की गं. मावशी धपाटे करते.” दोन्ही वेळा वर्षाली म्हणाली, “पुढच्या वेळी नक्की.” तिसऱ्यांदा मोनिकानं विचारलं नाही.

त्या दोन्ही गुरुवारी वर्षालीला खोलीत एक काम होतं. ती वहीत सेलिन ड्रोव्हबद्दल लिहीत होती.

सेलिन तिला सेनगावात भेटली होती. एमएस-सीआयटीच्या क्लासात सात नंबरच्या कॉम्प्युटरवर सरांनी स्वतःसाठी एक गेम टाकून ठेवला होता. त्यात सेलिन नावाची बाई कंबरेला दोर आणि हातात कंदील घेऊन बुडालेल्या शहरांत, विसरलेल्या खाणींत उतरायची आणि तिथले नकाशे काढून आणायची. वर्षाली क्लासला अर्धा तास आधी जाऊन सात नंबर धरायची. सेलिनच्या उड्यांचं तिला फार कौतुक नव्हतं. तिला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही बाई घरातून निघते आणि ‘कुठं चाललीस, सोबत कोण आहे’ असं तिला कुणीसुद्धा विचारत नाही!

पुढे सेलिनवर सिनेमा निघाला. वर्षालीनं तो चिंचवडला गुरुवारी दुपारी बघितला, हिंदीतला. थिएटरात मोजून अकरा माणसं होती. शेवटी मिठाच्या खाणीत उतरताना सेलिनचा दोर तुटतो, ती खाली पडते, कंदील विझतो, आणि अंधारावर नावांच्या पाट्या सुरू होतात. दिवे लागले तेव्हा वर्षालीला शेजारी बघून ‘अरे, असं कसं संपवलं?’ म्हणावंसं वाटलं. शेजारची खुर्ची मिटलेली होती.

त्याला तीन वर्षं झाली. दुसरा भाग येणार अशी बातमी यायची आणि विरून जायची. तरी सेलिनच्या मराठी चाहत्यांचा एक ग्रुप होता, ‘ड्रोव्ह मंडळी’ नावाचा. चाळीस जण. तो वाकडच्या, आयटीत काम करणाऱ्या सुजितनं काढला होता. यंदा सुजितनं जाहीर केलं, ‘दुसऱ्या भागात काय हवं ते सगळ्यांनी लिहून पाठवा. रविवारी वाकडला भेटू, चर्चा करू आणि निवडक कल्पना इंग्रजीत करून थेट सिनेमावाल्यांना मेल करू.’

वर्षालीनं लिहिलं, ‘गुरुवारी ठेवता येईल का?’

त्याखाली सात हसरे चेहरे आले. एकानं लिहिलं, ‘गुरुवारी कोण रिकामं असतं ताई?’

‘मी,’ असं तिनं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

कल्पनांचा पाऊस पडला. सेलिनला जुळी बहीण असावी. सेलिन चंद्रावर जावी. सेलिन वेरूळला यावी आणि लेण्यांच्या खाली आणखी एक लेणं निघावं. सेलिनचं एकदाचं लग्न लावून टाका. वर्षाली सगळ्या वाचायची, प्रत्येकीला काहीतरी उत्तर द्यायची. पण तिला स्वतःला तीन वर्षं एकच गोष्ट खात होती. तो दोर तुटलाच का?

ती या प्रश्नाचा जसा विचार करायला बसली, तसा बाहेरच्या माणसानं केला नसता. कंपनीत दर महिन्याला प्रत्येकानं सुधारणेची एक सूचना लिहून पेटीत टाकायची असते. त्याचा छापील कागद असतो, कायझेन शीट. वर समस्या, खाली ‘व्हाय-व्हाय’, मग उपाय, मग लक्ष्य तारीख. व्हाय-व्हाय म्हणजे बिघाडाला पाच वेळा ‘का’ विचारायचं. हे शिकवायचे अर्जुनराव. चाकणजवळच्याच गावचे, टूलरूममध्ये केस पांढरे केलेले, आता सूचनांची पेटी आणि नव्या पोरांचं ट्रेनिंग सांभाळणारे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “पयल्या ‘का’ला मानूस सापडतो, पाचव्याला कारण. मानसाशी थांबायचं न्हाई.”

चार वर्षांत वर्षालीचा हात असा बसला होता की चौकटी नसल्या तर तिला विचारच सुचेना. तिनं एक कोरी शीट घेतली आणि लिहिलं.

संबंधित व्यक्ती: सेलिन ड्रोव्ह. ठिकाण: खाण. समस्या: दोर तुटून खाली पडली. अजून वर आलेली नाही.

दोर का तुटला? कडेवर घासला.
कडेवर का घासला? वरून दोर सरकवायला कुणी नव्हतं.
कुणी का नव्हतं? ती एकटी आली होती.
एकटी का आली? तिला एकटीनं काम करायची सवय आहे.
सवय का लागली?

इथं ती अडली. पण तिला खात्री होती की दुसरा भाग याच रिकाम्या ओळीतून सुरू व्हायला हवा. चंद्रावर वगैरे नको, या ओळीत काय आहे ते दाखवा. शुक्रवारी सकाळी बसस्टॉपवर उभ्या उभ्या तिनं शीटचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुणीतरी वाचून एक ओळ उत्तर द्यावं, एवढंच तिला हवं होतं. ‘पाचव्याचं उत्तर असं असेल’ किंवा ‘काय फालतू आहे’, काहीही.

त्याच दिवशी पेटीत शीट टाकायची शेवटची तारीख होती. शिफ्ट सुटताना गडबडीत तिनं बॅगेतून घडी काढली, पेटीत सारली आणि बस पकडली. खोलीवर येऊन बॅग उपडी केली तर आतून कंपनीची सूचना निघाली. ‘ट्रेच्या तळाला स्पंज लावावा, ब्रॅकेटला ओरखडे पडणार नाहीत.’ म्हणजे पेटीत सेलिनची शीट गेली होती. पेटीची किल्ली अर्जुनरावांकडे, आणि अर्जुनराव प्रत्येक सूचना सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे.

शनिवारी सकाळी ती बोर्डासमोर मागच्या रांगेत उभी राहिली. अर्जुनरावांनी एकेक घडी उलगडली. पंख्याची दिशा बदला. पाण्याचा कूलर इकडे आणा. धनेश म्हणजे लाइनवरचा बोलका माणूस, तो म्हणाला, “काका, कूलरची सूचना मीच दर महिन्याला देतो. त्याच्यातलं पाणी यंदा तरी गार होऊ द्या.” सगळे हसले. पुढची घडी उघडून अर्जुनराव थांबले. त्यांनी चष्मा वर केला, ओठ हलवत पूर्ण कागद वाचला, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

“वर्षाली मॅडमची राहिली ना काका?” धनेश म्हणाला.

“तिची येगळी हाय,” अर्जुनराव म्हणाले. “चला, मशिनी चालू करा.”

पहिल्या तासात वर्षालीनं दोन चांगले ब्रॅकेट लाल ट्रेमध्ये टाकले.

जेवणाच्या सुट्टीत अर्जुनराव कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसले. डबा आणला नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, “ही सेलिन कुठल्या कॉन्ट्रॅक्टरची?”

“काय?”

“घाबरू नगंस. तुझं नाव यायचं न्हाई. टाइम ऑफिसला इचारलं, सेफ्टीला इचारलं, गेटवरचं रजिस्टर पाहिलं. ढोरवे नावाच्या दोघी निघाल्या, पर सेलिन न्हाई. मागं नव्या शेडचा खड्डा खांदलाय, तिथं बी जाऊन आलो. वाकून बघितलं, हाक मारली. पोरगी पडलीय कुठं, ते सांग आधी.”

त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत लाल माती लागली होती.

“काका... ती खरी नाही. सिनेमातली आहे. गेममधली. चुकून दुसरा कागद पेटीत पडला.”

आता अर्जुनराव ओरडतील म्हणून तिनं मान खाली घातली.

“म्हंजे कुणी पडलं न्हाई?”

“नाही.”

“बरं झालं.” ते तिच्या ग्लासातलं पाणी घटाघटा प्यायले. मग खिशातून घडी काढून तिच्यापुढे सरकवली. “सकाळधरनं जिवाला घोर लावलास की गं. आन् वर हे अर्धवट. पाचवा ‘का’ रिकामा. मी असं शिकवलंय व्हय?”

“सुचलं नाही काका.”

“मग भरून आण. सिनेमातली असली म्हनून काय झालं?”

ते उठले तशी ती घाईनं म्हणाली, “काका, उद्याची रजा मिळेल? वाकडला या सिनेमाचीच मीटिंग आहे.”

“उद्या डिस्पॅच हाय पोरी. तुझ्या जागी उभं करायला कोन हाय मला? न्हाई जमायचं.”

रविवारी वाकडला मंडळी जमली आणि वर्षाली नऊशेऐवजी अकराशे ब्रॅकेट तपासत उभी राहिली. साडेतीनला तिनं लॉकर उघडून फोन बघितला. आईचा एक मिस्ड कॉल. ग्रुपवर फोटो: मोठं टेबल, कॉफीचे मग, सेलिनसारखा कंदील घेऊन आलेली एक मुलगी, सगळे तोंडभर हसणारे. त्याखाली मेल केलेल्या चौदा कल्पनांची यादी. वर्षालीनं ती बसमध्ये दोनदा वाचली. जुळी बहीण होती. वेरूळ होतं. लग्नसुद्धा होतं.

तिनं सुजितला वेगळा मेसेज केला. ‘माझी नव्हती का घेतली?’

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘अरे, तू पाठवली होतीस? कधी?’

‘शुक्रवारी. फोटो.’

थोडा वेळ गेला. ‘अच्छा तो! सॉरी यार. कंपनीचा फॉर्म दिसला, वाटलं चुकून इकडे टाकलास. कुणी उघडलाच नाही बहुतेक. मेल तर गेला आता. नेक्स्ट टाइम नक्की!’ पुढे एक हसरा चेहरा.

‘नेक्स्ट टाइम नक्की’ या शब्दांवर तिची नजर बराच वेळ अडकली. हे कुणीतरी कुणालातरी आधीही म्हटलं होतं, असं तिला वाटत राहिलं.

गुरुवारी ती उठली तेव्हा मोनिका गेलेली होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘मावशीकडे. भाजी झाकून ठेवलीय.’ खाली रस्त्यावर दुकानं उघडली होती, सुट्टीच्या दिवशी कपडे धुणाऱ्या माणसांनी गच्च्या भरल्या होत्या. तिनं आईला फोन लावला. आई शेतात होती, म्हणाली, “आईतवारी बोलू निवांत.” फोन ठेवून वर्षालीनं शीट पुढे घेतली. पेन हातात धरून ती बसली, भाजी गार होईपर्यंत. मग पाचव्या ओळीत तिनं लिहिलं:

कारण तिची सुट्टी गुरुवारी असते.

लिहिल्यावर तिला जरासं हसू आलं. खोलीत तो आवाज फारच मोठा वाटला.

शुक्रवारी मशिनी चालू व्हायच्या आधी तिनं शीट अर्जुनरावांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा चढवला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट तसंच राहू दिलं.

“व्हय,” ते म्हणाले.

मग म्हणाले, “एकतीस वर्सं झाली मला. पोरं शाळंत जायची गुरुवारी, आन् मी घरी भिताडं बघत बसायचो. रविवारी ती घरी, मी हितं. पोरं कशी मोठी झाली, इचार न्हाई करायचा.” त्यांनी कागद सरळ केला. “उपाय लिहिला न्हाईस.”

“नाही सापडला काका.”

“सापडला असता तर मीच न्हाई का लिहिला असता?” ते हसले नाहीत. “मग वर कशी यायची ही बया?”

“दुसरा भाग आला तर कळेल.”

“कधी येतोय?”

“ठरलं नाही.”

उपाय न सापडलेल्या सूचनांची त्यांच्याकडे एक जाड फाइल होती, तिला सगळे ‘ओपन’ म्हणायचे. ती त्यांनी खालच्या कप्प्यातून काढली आणि सेलिनची शीट तिच्यात, धनेशच्या कूलरच्या मागे लावली. शाळेतल्यासारख्या अक्षरात खाली सही केली. लक्ष्य तारखेच्या चौकटीवर त्यांचं पेन क्षणभर थांबलं, आणि चौकट तशीच कोरी ठेवून त्यांनी फाइल मिटली. सातचा भोंगा झाला. वर्षाली आपल्या जागेवर गेली आणि तिनं पहिला ब्रॅकेट उचलला.