साखळीचं दुसरं टोक

आमच्या आकुर्डीच्या चिमाजीची सगळी नोकरी सरकारी मोजणीदारामागे साखळी ओढण्यात गेली. साहेब बाभळीखाली उभा राहून आकडे लिहायचा आणि हा साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून लोकांचे बांध तुडवायचा. नोकरी संपली तेव्हा गुडघे आधीच संपलेले होते. तरी गडी घरी बसेना. मला म्हणाला, "आता सोताची साखळी घेतो. मरायच्या आदी मोजणीदार म्हनून मिरवतो चार दिस."

मला विचाराल तर हे खूळच होतं. पण पंचावन्न-छप्पन्न साल होतं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते आणि आपली जमीन नक्की किती भरते हे बघायची ज्याला त्याला घाई सुटली होती. सरकारी मोजणीची वाट बघता बघता माणसाच्या दाढा पडायच्या. तेव्हा त्याला कामं मिळाली असती, हे खरं.

एका बुधवारी तो मला घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारात गेला. गंजकी कुलपं आणि मोडके कंदील यांच्या ढिगात एक लोखंडी साखळी पडली होती, दोन्ही टोकांना पितळी मुठी. मुठीवरचा सरकारी शिक्का बघून चिमाजीला भरून आलं. त्याने ती तान्ह्या पोरासारखी उचलली. विकणारा म्हणाला, "मामा, कचेरीतला माल आहे." झालं! आमचे मामा विरघळले.

वापरून वापरून साखळीच्या कड्या उघडतात आणि ती लांब होते, हे चिमाजीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यासाठीच कचेरीच्या आवारात मापाचे दोन दगड पुरलेले असायचे. त्यांच्यामध्ये साखळी ताणून बघायची की झालं. मी म्हणालोही, कचेरीवरून जाऊ. पण ऊन रणरणत होतं आणि खांद्यावर ते ओझं. "ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला. "लई दमलोय. सरकारचा शिक्का हाय की तिच्यावर." आम्ही सरळ स्टेशन गाठलं.

नव्या अवजाराचा मुहूर्त घरच्या रानात करायचा, ही आमची रीत. चिमाजीने साखळीला हळदकुंकू वाहिलं, बायकोला, छबूबाईला, दुसरं टोक धरायला लावलं आणि रानाची रुंदी मोजली. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा दोघांनाही आठ-आठ साखळ्या आल्या होत्या, आणि त्या वेळीही टोक धरायला हाच होता. आता सव्वा हात कमी भरलं. पुन्हा मोजलं, तेवढंच कमी.

रानाच्या एका अंगाला रेल्वेची हद्द, ती कोण सरकवणार? दुसऱ्या अंगाला धाकटा भाऊ दौलतराव. चिमाजीला साखळीची शंका आली नाही, भावाची आली. आपलं कमी भरलं म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला, एवढंच आमच्या लोकांना सुचतं. मला तर त्याच्या अकलेची कीव आली, कारण गावात न भांडलेले भाऊ हे दोनच उरले होते.

दौलतरावाने ऐकून घेतलं. "दादा, म्या बांधाला कुदळ लावली न्हाई."

"मंग काय साखळी खोटं बोलती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव कुदळ घेऊन गेला आणि त्याने एकट्याने सबंध बांध सव्वा हात आपल्या रानात सरकवला. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. त्यानंतर तो चिमाजीच्या दारात आला नाही. पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेरूनच अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला.

पुढे एका कंपनीसाठी ती जमीन गेली. मोजायला सरकारी माणूस नवीकोरी साखळी घेऊन आला. चिमाजीचं रान सव्वा हात जास्त भरलं आणि दौलतरावाचं तेवढंच कमी. चिमाजी घरी गेला, आपली साखळी आणली आणि त्या नव्या साखळीशेजारी जमिनीवर ताणली. जुनी चार बोटं लांब निघाली. आठ साखळ्यांत सव्वा हात. त्याला हिशेब सांगावा लागला नाही.

संध्याकाळी मला बरोबर घेऊन तो दौलतरावाकडे गेला. बरीच वर्षं झाली होती त्या ओट्यावर पाय ठेवून.

"दौलत, चुकलो रं. तुजं रान परत..."

"कुठलं रान? बांधबी कंपनीचा आन् रानबी." दौलतरावाच्या आवाजात राग नव्हता, तोही थकला होता. "दादा, टोक धराया मला का न्हाई बोलावलंस? माजं रानबी मोजलं असतं आपुन. त्येबी कमीच भरलं असतं. तितंच कळलं असतं."

मी चिमाजीला दंडाला धरून उठवलं.

वाटेत तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकून. "त्यो आला असता व्हय रं, टोक धराया?"

"आला असता," मी म्हणालो. "हातातलं काम टाकून आला असता."