तारेखालची ओळ

सौंसरच्या आमच्या छोट्या वीजकेंद्रात काचेच्या पेटीत अॅल्युमिनियमची एक चकती होती. त्या यंत्राला आम्ही अर्थ फॉल्ट रिले म्हणत असू. मी तासन्‌तास तिच्याकडे बघत बसे आणि ती हलत नसे. तिचं कामच ते होतं. तारांतून गेलेली वीज तारांतूनच परत आली तर तिने गप्प बसायचं. वाटेत कुठे जमिनीत उतरली तर फिरायचं आणि लाइन बंद करून टाकायची. किती वीज उतरल्यावर फिरायचं ते एका पितळी खुंटीवर ठरे. खुंटी खालच्या भोकात घातली की चकती हळवी, वरच्या भोकात घातली की निबर.

आमची खुंटी वरच्या भोकात होती. ती तिथे का, हे विचारायला माणूस उरला नव्हता. राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. यंत्र आमच्याकडे आणि ते तपासणारे लोक तिकडे, अशी वाटणी झाली. मला असले प्रश्न पडले की जेवण गोड लागत नाही. बायको म्हणायची, "तुमचं लगन त्या चकतीशीच लावाले पायजे होतं."

बायकोच्या माहेरची संत्र्याची बाग गावाजवळच होती आणि आमची लाइन तिच्या एका कडेवरून जात होती. विहिरीवर विजेचा पंप बसवणारे त्या भागात माझे सासरे पहिले. जावई बिजलीत आहे, याचा त्यांना कोण अभिमान! आमच्याकडे हिवाळ्यात बागेला ताण देतात. पाणी तोडायचं, माती तडकू द्यायची, झाडं मलूल होऊन पानं गाळू लागली की मग पहिलं पाणी, म्हणजे आंबवणी. ती वेळेवर मिळाली तर बहार फुटतो. ताण बसला नाही किंवा ती चुकली, तर वर्ष हातचं गेलं.

त्या वर्षी ताण पुरा होत आला होता. एका सकाळी थंडीने आखडलेली तार जोडावर सुटली आणि बागेत पडली. मी त्या वेळी चकतीसमोरच चहा पीत होतो. ती जागची हलली नाही. सासऱ्यांचा गडी सायकलवर धापा टाकत आला, "लाइन बंद करा जी, बैल पडला!" तेव्हा कुठे मी हाताने स्विच पाडला.

बागेत पोहोचलो तर सासरे मेलेल्या बैलाच्या शिंगावर हात ठेवून बसले होते. मला रडू आलं. पण माझं डोकं विचित्र आहे. डोळे पुसता पुसता ते विचारत होतं, चकती का फिरली नाही?

"जवाईबापू, तुमचा राखणदार झोपला होता का?"

"नाही मामाजी, जागाच होता. त्याले दिसलंच नाही."

"मंग ज्याले दिसत नाही त्याच्या भरोशावर माणसं बागेत कशी घालू? पंप बंद."

आंबवणी तोंडावर आलेली आणि मोटेच्या जोडीतला एक बैल गेलेला. पंपाशिवाय एवढी बाग भिजणं शक्य नव्हतं, आणि उलगडा झाल्याशिवाय ते पंपाला हात लावू देणार नव्हते.

मी साहेबांची परवानगी काढली. माणसं, गुरं सगळी रस्त्यापलीकडे नेली. बैल पडला त्याच जागी मुद्दाम एक तार जमिनीवर सोडली, लाइनमनला दुरून पहाऱ्याला उभा केला आणि केंद्रात येऊन लाइन चालू केली. चकती ढिम्म. लाइन बंद करून खुंटी एक भोक खाली आणली. पुन्हा ढिम्म. अगदी खालच्या भोकात घातली तेव्हा ती थरथरली, थबकली आणि मग सरकू लागली, इतकी सावकाश की मीच काचेवर फुंकर मारायला निघालो होतो.

मग मला राहवेना. लाइन बंद ठेवून तारेखालची माती पखालीने भिजवून घेतली, आणि खुंटी परत पहिल्या, वरच्या भोकात घालून लाइन सोडली. चकती गरकन फिरली आणि स्विच धाडकन पडला. "फिरली!" म्हणून मी एकटाच ओरडलो.

उलगडा झाला होता. ही लाइन भर पावसाळ्यात सुरू झाली होती, खुंटीही तेव्हाच ओल्या जमिनीवर पारखून बसवलेली असणार. ताण दिलेली माती बैल मारण्यापुरतीच वीज आत घेते, चकती फिरवण्यापुरती नाही, मग तिला कळणार कसं? मी खुंटी कायमची खालच्या भोकात ठेवली. त्याने नवाच त्रास सुरू झाला. गावातल्या कापसाच्या जिनिंगची मोठी मोटर सुरू झाली की ही हळवी बाई उगीच फिरू लागे. तेव्हा तिची फिरण्याची वाट थोडी लांबवली, म्हणजे ती टोकाला पोहोचून स्विच पाडायच्या आत मोटर सावरे.

"आता झालं न?" सासऱ्यांनी विचारलं. हो म्हणून मोकळं व्हावं, असं घरातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझ्याने ते होईना.

"ओल्या मातीवर पक्कं, मामाजी. तान देल्या मातीवर बहुतेक. पन पक्कं नाही सांगत."

"म्हनजे त्याले ओल लागते."

"हो."

पुढे काय सुचवायचं ते मला माहीत होतं, पण ते मागायची हिंमत नव्हती. सासऱ्यांनी फावडं घेतलं, तारांखालच्या झाडांच्या ओळीला दोन्ही बाजूंनी वरंबा घातला आणि विहिरीतून घडे आणून आधी ती ओळ भिजवली. मग म्हणाले, "लावा पंप." त्या वर्षीची आंबवणी वेळेवर झाली.

पुढे दर हिवाळ्यात त्यांनी बागेला ताण दिला, पण त्या ओळीचं पाणी कधीच तोडलं नाही. साऱ्या बागेत पांढऱ्या फुलांचा वास दरवळे आणि त्या एका ओळीवर नुसती हिरवीगार पानं. मी तिथून जाताना मान खाली घालून जाई. एकदा पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याने विचारलंच, एवढी चांगली झाडं आणि बहार कसा नाही? मला वाटलं, आता तारांचं, रिलेचं, जावयाचं नाव निघणार.

"तिथं माहा बैल पडला होता," सासरे म्हणाले. "ते माती मी कोरडी नाही ठेवत."