दहा थेंबांचं औषध

२०२२ साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. बायको गेल्यावर नेरजवळचं गाव सोडून मी पुसदला पोराकडे आलो. आलो कसला, आणलं. वावर ठेक्यानं दिलं, बैल विकले आणि मला खुर्चीवर बसवलं. ज्यानं पन्नास वर्षं कोणाला विचारून काही केलं नाही, त्यानं आता पंखा लावायचा तरी विचारून लावायचा.

पोराच्या बैठकीत काचेची टाकी होती आणि तिच्यात एकच मासा. नारिंगी, तळहाताएवढा. सुनेनं तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आणला होता. त्यांना मूलबाळ नाही. ती त्या माशाशी बोलायची, त्याच्या वेळा सांभाळायची. मी आलो त्याच महिन्यात जेवता जेवता बोलून गेलो, "लेकरू नाही म्हणून मानसानं मासा पोसावा काय?" पोरगा ताटावरून उठला. सून उठली नाही. तिनं मला पोळी वाढली.

पण त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर. मी समोर बसलेलो असलो तरी ती पोराला म्हणे, "मामाजींना विचारा, भाजी तिखट झाली का." असं दीड वर्ष चाललं. मला ते लागत होतं. पण सासऱ्यानं सुनेची माफी मागितल्याचं आमच्या घराण्यात मी ऐकलं नव्हतं, आणि ती रीत मी काढणार नव्हतो.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, कोणी मीठ भुरभुरावं तसे. तो तळाच्या गोट्यांवर अंग घासू लागला. सुनेनं दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली. आणि त्याच दिवशी वणीहून फोन आला, तिची आई न्हाणीत पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. पोरगा मास्तर, तो प्रशिक्षणाला यवतमाळला गेलेला. घरात उरलो मी.

पिशवी भरून झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामाजी, तुमच्याच्यानं होईन का?"

"बैलाच्या नरड्यात नळीनं औषध ओतलं हाये म्या. हा तं मासा."

"रोज सकाळी दहा थेंब. मोजून. जास्त नाई. अन् पानी लागलंच तं या बादलीतलं घ्या, रातभर ठेवलेलं हाये. नळाचं डायरेक्ट टाकू नोका, त्यात जंतू मारायची पावडर असते. लिहून ठेवू का?"

"कायले? मी काय लहान लेकरू हावो?"

लेकरू हा शब्द पुन्हा माझ्याच तोंडातून निघाला. तिनं बाटली माझ्या हातात दिली आणि गेली.

ती गेल्यावर मी बराच वेळ माशापुढे बसलो. मनात एकच होतं. हिनं परत यावं, मासा साफ दिसावा आणि हिनं पोराला नाही, मला म्हणावं, "मामाजी, तुम्ही वाचवला." मी म्हणणार होतो, "त्यात काय."

पहिल्या सकाळी दहा थेंब टाकले. एकेक मोजून टाकले. दुसऱ्या सकाळीही दहा. तिसऱ्या दिवशी पाहतो तर ठिपके दुप्पट.

आता माझी अक्कल सांगतो. कपाशीवर अळी आली की आम्ही पंपाला एक झाकण औषध टाकायचो. अळी पडली नाही तर दुसऱ्या फवारणीला दोन. डब्यावर काय छापलं आहे ते गावात कोणी वाचत नसे, आणि मी तिसरीतून निघालेला, मला ती बारीक अक्षरं वाचताही येत नव्हती. दुकानदार सांगे ते माप, आणि त्याच्यावर आपलं एक झाकण. ज्याचं झाकण मोठं तो हुशार. थेंब म्हणजे मला पोलिओचा डोस वाटायचा. थेंबानं कुठे रोग जातो?

मी दोन झाकणं टाकली. नीट मिसळावं म्हणून हातानं पाणी ढवळलं.

टाकी कपड्याच्या निळीसारखी झाली. मासा दिसेना. दुपारी तो वर आला आणि तोंड उघडून पाण्याच्या कडेला हवा गिळू लागला. मग मात्र माझी गाळण उडाली. शेजारी विचारता आलं असतं. सुनेला फोन करता आला असता, फोन खिशातच होता. पण काय सांगणार? मी मगानं टाकी उपसली. बादलीतलं पाणी ओतलं, ते पुरलं नाही. नळ आला होता. मी नळी लावली आणि टाकी भरून टाकली.

क्षणभर तो शांत झाला. मग कुशीवर कलला. पाच वाजता पोट वर केलं. मी त्याला गोडलिंबाच्या बुडाशी पुरला. झाकणानं मेला की नळाच्या पाण्यानं, मला आजही माहीत नाही. दोन्ही माझंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघंही परत आले. सून बैठकीत आली, चप्पल पायातच होती. टाकीकडे पाहून म्हणाली, "कधी?"

"काल. त्या दुकानदाराचं औषधच डुप्लिकेट होतं. म्या तं रोज दहा थेंब टाकले. मोजून."

मोठ्यानं बोललो, खोटं बोलताना माणूस बोलतो तसं. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताची बोटं मुळापर्यंत निळी होती. साबणानं घासली होती, राखेनं घासली होती, निघाली नव्हती. दहा थेंबांनी कोणाचा पंजा निळा होत नाही.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

पोरगा मात्र भडकला. "उद्या जाऊन त्याले धरतो. चार लोकाइपुढं काढतो त्याची. इतक्या वर्षांपासून त्याच्याकडूनच सामान घेऊन राह्यलो आपण." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. पोरगा आपल्या बाजूनं उभा राहिला याचं वरून बरंही वाटलं. असा माणूस मी.

सकाळी सून चहा ठेवत होती. मी दारात उभा राहिलो.

"म्या दोन झाकणं टाकली," मी म्हणालो. "अन् पानी नळाचं."

ती वळली नाही.

"तडफडला का?"

"हो."

"किती वेळ?"

"दुपारपासून पाच वाजेपर्यंत."

तिनं चहा गाळला, कप माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला. "तुमचा मुलगा आंघोळीले गेला हाये," ती म्हणाली. "निघला की तो दुकानातच जाईन."

माफीचा शब्द तोंडाशी आला आणि तिथंच राहिला. चहा मी घेतला नाही. चप्पल घातली आणि पोराच्या आधी त्या दुकानावर पोचलो. शटर अजून खालीच होतं. मी पायरीवर बसून राहिलो.