न आलेला ताप

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही, पोरांना नाही, भावकीत कुणाला नाही. तुम्ही परके आहात म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतोय — आणि तरी बघा, पहिलं वाक्य मनात तीनदा फिरवून मगच बोललो. भाषण ठोकायचं असलं की मात्र मी टुणकन उभा राहतो. त्यात मी आता पटाईत झालोय.

धाराशिवकडच्या वाशीच्या अलीकडं आमच्या गावात माझी खव्याची भट्टी आहे. सकाळी दुधाची कॅनं दारात येतात, बाया मोठाल्या कढयांपुढं बसून दूध आटवतात, दुपारी खवा भरून गाडी शहराकडं निघते. एवढाच धंदा. हौसाबाई या बायांत सगळ्यात जुनी, माझ्या वडिलांच्या काळापासूनची. दूध तळाला लागायला आलं, हे ती कढईकडं न बघता नुसत्या उलथन्याच्या आवाजावरून सांगते. मी तिला मावशी म्हणतो. ती मला दादा म्हणते.

मला तुम्ही ऐकलंही असेल कदाचित. उद्योजकांच्या मेळाव्यांना बोलावतात मला — धाराशिवला, बार्शीला. विषय ठरलेला असतो : वाईट काळात धंदा कसा तगवला. मी कृतज्ञतेवर बोलतो. बरं बोलतो, असं लोक म्हणतात. पण त्या वाईट काळात मी नेमका कुठं होतो, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

कोरोनातली दुसरी टाळेबंदी होती. लग्नं बंद, मिठाईची दुकानं बंद, गाडी बंद. खवा घेणार कोण? चार दिवसांत आंबतो तो. पण म्हशींना टाळेबंदी कोण समजावणार — दूध यायचं ते येतच होतं. एका सकाळी दारात कॅनं घेऊन माणसं उभी होती आणि मला त्यांना एवढंच सांगायचं होतं, की उद्यापासून दूध आणू नका. बायांना सांगायचं होतं, घरी बसा. मालक मीच. दुसऱ्या कुणाच्या तोंडानं ते सांगता येणार नव्हतं.

नाही जमलं मला. मग मी खोकलो — खरं सांगतो, सुरुवात भट्टीच्या धुराच्या ठसक्यानं झाली. सगळे दोन पावलं मागं सरले. त्यांच्या त्या मागं सरण्यात मला पळवाट दिसली. म्हणालो, अंगात कणकण आहे, तपासून येतो. वाशीपर्यंत गेलो, रांग बघितली आणि उलटपावली फिरलो. घरी फोन केला : निघाला मला. शेतातल्या खोलीत राहतो, कुणी फिरकू नका.

चौदा दिवस राहिलो. ताप नाही, तोंडाची चव शाबूत. बायको बांधावर डबा ठेवायची, लांबूनच पदरानं डोळे पुसायची, आणि मी तिला ऐकू जाईल असा खोकायचो. ती वळली की डबा चाटूनपुसून खायचो. लाज वाटत होती का? वाटत होती. पण सुटलो बुवा एकदाचा, हे त्या लाजेपेक्षा मोठं होतं.

इकडं हौसाबाईनं कुणालाच परत पाठवलं नाही. निम्म्या घरांनी आज दूध घालायचं, निम्म्यांनी उद्या, असं तिनंच ठरवून दिलं. खवा थांबवला. दुधाला विरजण लावलं, लोणी काढलं, त्याच कढयांत तूप कढवलं, कारण तूप टिकतं. ताक गावभर वाटलं. हे मला सुचलं नसतं का? सुचलंही असतं. पण त्यासाठी दारात उभं राहायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी मी भट्टीवर आलो. बायांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. हौसाबाई कढईजवळ अनवाणी उभी होती. वहाणा कुठं गेल्या, मी सहज विचारलं.

"येडाईला दिल्या," ती म्हणाली. "म्हणलं, माझ्या दादाला उठीव, जलमभर पायात वहाण घालणार न्हाय. उठीवलं की आईनं!"

येरमाळ्याची येडेश्वरी — आम्ही तिला येडाई म्हणतो. तिच्यापुढं दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. पण मागणंच पुरं झालं नसेल तर नवस लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मला काही झालंच नव्हतं. मग देवीनं मला उठवलं कशातून? तेवढं त्या वेळी सांगितलं असतं, तर मावशी तिथंच मोकळी झाली असती. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी डोळे मिटून हात जोडले.

आणि मग भाषणं आली. पहिल्या सत्काराला मी तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि नवसाची गोष्ट सांगितली. म्हणालो, मरणाच्या दारातून परत आलो तो या माउलीच्या पायांमुळं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती लाजून पाय खुर्चीखाली ओढून घेत होती. मला हुंदका आला — तो खरा होता हो. डोळ्यांतलं पाणी खरं आणि गोष्ट खोटी, असं एकाच वेळी होतं का? होतं. पुढं किती ठिकाणी मी ती गोष्ट सांगितली, ते आता आठवतही नाही.

दोन वर्षांपूर्वी हौसाबाईला शुगर निघाली. हळूहळू तळपायाला चटका कळेनासा झाला. भट्टीपुढं निखारे सांडलेले असतातच. मागच्या महिन्यात ती एका निखाऱ्यावर उभी राहिली, आणि तिला ते कळलं वासावरून. जखम चिघळली. धाराशिवला दवाखान्यात नेलं, पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, चप्पल घातली नाही तर पुढच्या खेपेला पाऊल जाईल. सून रडली, मुलगा ओरडला. ती बधली नाही. देवीला दिलेलं परत घ्यायचं नसतं.

तिच्या पायात चप्पल घालू शकेल असा एकच माणूस होता. त्याला करायचं होतं ते एवढंच — एक वाक्य बोलायचं.

ते वाक्य घोकत मी दवाखान्यात गेलो. पिशवीत मऊ तळाच्या नव्या चपला होत्या. सून डबा आणायला गेलेली, शेजारची खाट रिकामी. या वेळी बघणारं कुणीही नव्हतं. खाटेच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "मावशी, तवा मला —"

तिनं माझा हात धरला.

"बोटाचं मनाला लावून घेऊ नगा, दादा. एक बोट गेलं, लई काय गेलं? तुमी तर हाईत न्हवं!"

मी म्हणालो, "व्हय मावशी. येडाईची किरपा."

चपला पिशवीतच परत आल्या. हौसाबाई आता पट्टी बांधलेल्या पायानं पुन्हा भट्टीवर येते. तिच्या कढईपुढची जमीन मी रोज सकाळी स्वतः झाडून काढतो. बाया म्हणतात, असा मालक मिळायला नशीब लागतं. मी ऐकून घेतो.