चूक सापडली का?

सकाळी कामावर शिरल्या शिरल्या माणसं एकमेकांना "चहा झाला का?" विचारतात. ताई विचारायच्या, "काय ओ भाऊ, चूक सापडली का?"

"नाही," म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवायच्या. "म्हंजे बघितलंच नाय तुम्ही."

वाळूजच्या आमच्या प्रयोगशाळेत बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत. माझं आजोळ फुलंब्रीचं आणि त्याही तिथल्याच, म्हणून मी ताई म्हणायचो. पिकावर फवारलेलं औषध मातीत पडल्यावर निम्मं कधी होतं आणि त्या निम्म्याचं निम्मं कधी, ते शोधायचं हे आमचं काम. आम्ही रसायनवाले बरण्यांतल्या मातीत उरलेलं औषध मोजायचो. त्या आकड्यांमधून उताराची रेघ कशी न्यायची, ते ताई ठरवायच्या. त्या संख्याशास्त्राच्या.

पूर्वी त्यासाठी विकतचं सॉफ्टवेअर होतं. ते उत्तर द्यायचं, पण कसं काढलं ते सांगायचं नाही. ताईंना असली माणसंही आवडत नसत. त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर लिहिलं आणि आतल्या सगळ्या ओळींसकट इंटरनेटवर ठेवून दिलं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्ती सुचवावी. "झाकून ठेवलेला हिशेब नासतो," म्हणायच्या. सोबत मदतीचं एक पान मराठीत लिहिलं होतं. त्याची सुरुवात अशी: 'घाई करू नका. आधी आलेख डोळ्यांनी बघा.' ते पान आम्हा दोघांशिवाय कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

दूरदूरच्या देशांतून आभाराचे निरोप यायचे. आम्हाला त्याचं कोण कौतुक. ताई मात्र हिरमुसायच्या. "नुसतं थँक्यू म्हणतेत. चूक कुणी सांगंना."

आपली चूक निघावी म्हणून झुरणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी हे एवढंच पाहिलं. चूक काढायची तर कुणाला तरी तुमची ओळ न् ओळ वाचावी लागते, इथं ती अशीच का लिहिली म्हणून भांडावं लागतं. ताईंना ते माणूस हवं होतं. थँक्यू म्हणायला काय, न वाचताही म्हणता येतं.

बजाजनगरात त्या एकट्या राहायच्या. गॅलरीतून पूर्वी ज्वारीचं रान दिसायचं. तिथं उंच इमारत आली, नाव 'लेक व्ह्यू'. येता-जाता ताई तिथल्या वॉचमनला सांगायच्या, "तळं सापडलं की कळवा बरं का." तो बिचारा "व्हय मॅडम" म्हणायचा.

मग दुष्काळाचे उन्हाळे आले. ती इमारतही टँकरवर आणि आम्हीही. प्रयोगशाळेत हात धुवायला पाणी नसे, पण बरण्यांतल्या मातीला वजन करून पाणी घालावंच लागे, कारण ठरलेला ओलावा नसेल तर चाचणी धरत नाहीत. नळ आटला की ताई घरून कॅन भरून आणायच्या. एकदा कपाट उघडून म्हणाल्या, "सगळ्या जिल्ह्यात ओली माती काय ती ह्या कपाटात हाय." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी फुलंब्रीहून भावाच्या शेतातली माती आणली आणि काही बरण्या तशाच, पाणी न घालता ठेवल्या. त्या मातीत औषध निम्मं व्हायचं नावच घेईना. ओलावाच नाही, तर औषधाचा फडशा पाडणारे जीवाणू तरी काय करणार.

"मॅडम, हे आकडे वगळा. रेघ बिघडतीय," आमचे व्यवस्थापक म्हणाले.

"माती खोटं बोलती व्हय?" ताईंनी विचारलं. एकही आकडा वगळला नाही. उलट सॉफ्टवेअरमध्ये कोरड्या मातीसाठी नवा भाग लिहिला. तो झाल्यावर मला म्हणाल्या, "बाकीचं लोकांनी वापरून बघितलंय. हे माझ्या एकटीचंच हाय. चुकलं असंल तर कुणाला कळायचंबी नाय. तुम्ही तरी बघा, भाऊ."

मला संख्याशास्त्राचं वावडं. मी "बघू" म्हणालो, तर जेवणाच्या सुट्टीत मला शिकवायलाच बसल्या. माझ्या डब्यातला ठेचा त्यांच्या भाकरीवर आणि त्यांची समीकरणं माझ्या डोक्यावर, असा व्यवहार. हळूहळू मला त्या ओळी वाचता येऊ लागल्या. रोज त्या विचारायच्या, मी "नाही" म्हणायचो आणि त्यांचा चेहरा उतरायचा. खोटीच एखादी चूक सांगून टाकावी, असं कितीदा मनात यायचं.

एका सकाळी टँकरच्या रांगेत त्यांचा निळा ड्रम नव्हता. शेजारणीला नवल वाटलं म्हणून तिनं दार वाजवलं. ताई झोपेतच गेल्या होत्या. रांगेतली जागा मोकळी दिसली नसती, तर कधी कळलं असतं कोण जाणे.

पुढं पाऊस झाला, पुन्हा त्यानं ओढ दिली. असंच एकदा फर्दापूरकडची माती तपासायला आली. हाताला पिठासारखी लागणारी. काही बरण्यांत तर यंत्रानं ओलावा शून्य दाखवला. मी ताईंच्या सॉफ्टवेअरमध्ये शून्य भरलं आणि रेघ भलतीच सरळ, देखणी आली. एवढी देखणी की मला ताईंचं मराठी पान आठवलं. आलेख डोळ्यांनी बघितला, तर मी भरलेल्यांपैकी काही आकड्यांचे ठिपके त्यात नव्हतेच.

ओळी उघडून वाचल्या. ताईंनी शून्य ओलावा म्हणजे 'आकडा भरायचा राहिला' असं धरलं होतं. त्यामुळं सगळ्यांत कोरडी माती सॉफ्टवेअर गुपचूप वगळून टाकत होतं. भावाच्या मातीत थोडी तरी ओल होती, म्हणून त्यांच्या हे लक्षात आलं नसावं. जसले आकडे वगळायला ताई व्यवस्थापकांना नाही म्हणाल्या, तसलेच.

मला आधी हसू आलं. मग खुर्चीतून उठलोसुद्धा, त्यांच्या टेबलाकडे जायला. तिथं आता प्रिंटर आहे.

एक ओळ बदलावी लागली. दुरुस्ती लिहून इंटरनेटवर त्यांच्या सॉफ्टवेअरच्या पानावर पाठवली. कारण लिहायच्या चौकटीत, सवयीनं, मराठीतच लिहिलं: 'ताई, सापडली.' खाली बाकीच्यांसाठी इंग्रजीत सूचना लिहिली. चार जणांनी थँक्यू म्हटलं.

सगळं उघडंच आहे, तर तुझ्या नावानं वेगळी प्रत काढ, असं लोक सुचवतात. तीही काढली, आम्ही तीच वापरतो. पण पाठवलेली दुरुस्ती मागं घेतली नाही. मूळ प्रतीत ती घ्यायची की नाही, हे ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्यानं ठरवायचं असतं. अधूनमधून ते पान उघडतो. माझ्या ओळीसमोर अजून तेच लिहिलेलं असतं: मालकाच्या मंजुरीची वाट पाहत आहे.