गाळाखालच्या तिसऱ्या

पहिलं घावन तव्यावर टाकलं आणि दार वाजलं. दारात गुणवंती होती, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकून घर चालवणारी ही बाई एरवी पायरीवरूनच "वहिनी, आज घासाघीस नको हां" असं बजावायची. आज ती उंबऱ्याशी मटकन बसली. टोपलीतल्या तिसऱ्यांनी तोंडं उघडली होती. सगळ्या मेलेल्या.

"वाळूच्या पट्ट्यावर हातभर गाळ बसलाय, वहिनी. एक जिवंत नाय."

गणपतीनंतर काही महिने खाडीतला तो वाळूचा पट्टा खणायचा नाही, तिसऱ्या वाढू द्यायच्या, हा बायकांचा आपसातला नियम. उद्यापासून त्या काढायला सुरुवात होणार होती.

खाडीला मिळणाऱ्या नदीवरच्या धरणातला गाळ कुठे जाईल, याचं संगणकावर गणित मांडणं ही आमच्या ह्यांची नोकरी. त्याच गणितावरून गेल्या आठवड्यात गाळ वाहून जावा म्हणून धरणाची तळाची दारं उघडली होती.

हे आतून आले आणि टोपलीवर वाकले. "गाळ समुद्रात जायला हवा होता," ते हळूच म्हणाले. "भरतीने मागे आणला. भरतीचा जोर मी कमी धरला."

गुणवंतीने पदराने तोंड पुसलं.

"भाऊ, पुढच्या वेळी दारं उघडायच्या आधी मला सांगा. आम्ही तिसऱ्या काढून घेऊ."